पाव इंच म्हणजे सहा एमएम नव्हे : माझा फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचा प्रोजेक्ट

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग हा विषय माझ्या वाट्याला आला त्याचं खरं कारण सांगायचं तर वर्कशॉपमधलं जुनं व्हर्टिकल मिलिंग मशिन दुपारनंतर रिकामं असायचं. सर म्हणाले, टिगवर, म्हणजे विजेच्या ठिणगीनं धातू वितळवून करायच्या वेल्डिंगवर, काय सगळेच करतात, तू हे घे, मशिन आपल्याकडंच आहे, फक्त टूल बनवून घ्यायचं. त्या 'फक्त'नं माझे पुढचे सात महिने खाल्ले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग म्हणजे डोक्याला ताप असतो, कारण धातू वितळतो ६६० डिग्रीला आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार डिग्रीच्या पुढं, शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन पिऊन घेतं आणि गोठताना त्याचे बुडबुडे आत अडकतात, आणि ६०६१ सारखी मिश्रधातू फिलर न घालता वितळवून जोडली तर थंड होता होता मधोमध तडकते. फ्रिक्शन स्टरमध्ये वितळवायचंच नाही. एक फिरतं टूल, त्याला खाली छोटी पिन आणि वर रुंद खांदा म्हणजे शोल्डर, ते दोन प्लेटांच्या सांध्यात दाबून घुसवायचं, घर्षणानं धातू ४००-५०० डिग्रीपर्यंत तापून मऊ होतो आणि पिन त्याला ढवळत पुढं जाते. कणकेचे दोन गोळे शेजारी ठेवून मधून बोट फिरवल्यासारखं. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधलं, पुढं नासानं स्पेस शटलच्या बाहेरच्या इंधनटाकीला वापरलं, जपानमध्ये रेल्वेच्या डब्यांना वापरलं. एवढं सगळं मी पहिल्या सेमिनारला पीपीटीत रंगवून सांगितलं होतं, रॉकेटच्या फोटोसकट. वर्कशॉपमध्ये मात्र माझ्यासमोर होतं ते ऑइल गळणारं मशिन आणि नाना.

नाना म्हणजे आमचे मिलिंगचे ऑपरेटर, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. मी प्लॅन सांगितला तर पहिलं वाक्य, "पोरी, ह्यो स्पिंडल कापायला केलाय, दाबायला न्हाई. बेअरिंग गेलं तर तुझा सर देनार हाय का?" आणि त्यांचं चूक नव्हतं. ह्या प्रोसेसमध्ये टूलवर खालच्या दिशेनं येणारा जोर काही किलोन्यूटनचा असतो, म्हणजे प्लेट जाड असली तर टनाच्या घरात, आणि मिलिंग मशिन असा उभा मार खायला बनवलेलंच नसतं. विकतच्या फ्रिक्शन स्टर मशिनला फोर्स कंट्रोल असतो, म्हणजे जोर कमी पडला की स्पिंडल, टूल धरून फिरवणारा दांडा, आपोआप खाली येतो. आमच्याकडं टेबल हाताच्या चाकानं वर उचलायचं, डायलवर आकडा बघायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

पहिलं टूल मी वर्कशॉपमध्येच पडलेल्या हायस्पीड स्टीलच्या जुन्या तुकड्यातून ग्राइंड करून घेतलं. शोल्डर १८ एमएम, पिन ६ एमएम व्यासाची, लांबी ५.७, कारण प्लेट सहा एमएमची आणि पिन प्लेटपेक्षा किंचित आखूड पाहिजे, नाहीतर ती खालच्या लोखंडी बॅकिंग प्लेटला घासते. प्लेटा क्लॅम्प केल्या, ९०० आरपीएम लावलं, पिन घुसवली, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजलं आणि फीड दिला, म्हणजे टेबल पुढं सरकवायला लागले. टक्. इतकाच आवाज. पिन सांध्यातच राहिली, वरचा खांदा प्लेटवर चकचकीत गोल घासत फिरत राहिला, आणि नानांनी मशिन बंद करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ चहाला गेले.

चूक दुहेरी होती. एकतर हायस्पीड स्टील ठिसूळ, वाकवणारा जोर आला की तुटतंच. दुसरं म्हणजे पाच सेकंदात धातू गरमच झाला नव्हता, मी पिनला थंड ॲल्युमिनियममधून ओढत होते. ह्याला ड्वेल टाइम म्हणतात, पिन घुसल्यावर जागच्या जागी फिरू द्यायचा वेळ, आणि पेपरमध्ये तो एका ओळीत उरकलेला असतो म्हणून मीही उरकला. पुढं मी वीस सेकंद ठेवला. घड्याळ लावून मोजले तर वीस सेकंद खूप असतात, तेवढ्यात शोल्डरच्या कडेनं धातूची मऊ झालर वर यायला लागते आणि आवाज बदलतो. सुरुवातीला किरकिर असते, मग ती दबून घूं असा जाड आवाज लागतो. नंतर नंतर मी घड्याळ न बघता त्या आवाजावरच फीड द्यायचे.

नवीन टूल एच१३ चं केलं, म्हणजे उष्णतेला टिकणाऱ्या टूल स्टीलचं. हे नानांनीच सुचवलं, प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय ह्याच मटेरियलच्या असतात आणि त्यांच्यात तर वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात, मग तुझं मऊ ॲल्युमिनियम काय वाकडं करणार म्हणाले. कोल्हापुरात हे एक बरं, उद्यमनगरात दोन गल्ल्या फिरलं की एच१३ चा तुकडा मिळतो, टर्निंग करून मिळतं, वायरकट मिळतं. हार्डनिंगला शिरोलीला पाठवलं तर तिथं मिनिमम चार्ज होता, माझं टूल अर्ध्या किलोचं. मग शहाणपणा करून तिन्ही टूलं एकदम बनवली, एक साध्या गोल पिनचं, एक टेपर, एक चौकोनी पिनचं, आणि कुणाच्यातरी डायच्या लॉटबरोबर भट्टीत घातली. परत आली तेव्हा हार्डनेस ५२ एचआरसी. ह्यातलं एकही शेवटपर्यंत तुटलं नाही.

टूल सरळ उभं ठेवायचं नसतं, मागच्या बाजूला दोन डिग्री कलवायचं, म्हणजे शोल्डरची मागची कड खाली दाबते आणि ढवळलेला धातू पिनच्या मागं ठासून बसवते. आमच्या मशिनचं हेड फिरवता येतं म्हणून ते जमलं. पण पहिल्यांदा मी कलवलं ते उलट बाजूला. शोल्डरची पुढची कड खाली, मागची वर. नांगर धरल्यासारखं मशिन ॲल्युमिनियम उकरत गेलं आणि मागं नुसती चर. हे मी थिसिसमध्ये लिहिलेलं नाही.

मग एकदाचं चांगलं दिसणारं वेल्ड आलं. खरंच देखणं असतं ते, एका मागोमाग एक अर्धगोल रेघा, माशाच्या खवल्यांसारख्या. ११२० आरपीएम आणि ६३ एमएम पर मिनिट फीड म्हटलं की प्रत्येक फेऱ्याला टूल ०.०५६ एमएम पुढं सरकतं, साधारण केसाच्या जाडीएवढं, आणि त्या रेघा त्याच. मी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, आईनं हात जोडलेला इमोजी पाठवला. दुसऱ्या दिवशी बँडसॉवर आडवा कापला तर आत बोगदा. दोन एमएमचं आरपार भोक, वेल्डच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

ह्याला टनेल डिफेक्ट म्हणतात आणि तो बहुतेक वेळा ॲडव्हान्सिंग बाजूला येतो. टूल फिरत फिरत पुढं जातं, तर एका बाजूला फिरण्याची आणि पुढं जायची दिशा एकच असते, ती ॲडव्हान्सिंग, दुसऱ्या बाजूला उलट, ती रिट्रीटिंग. पिन ॲडव्हान्सिंग बाजूचा धातू उचलून मागून फिरवून आणते आणि परत तिथंच भरायला हवा, पण धातू पुरेसा गरम नसेल किंवा वरून दाब कमी असेल तर तो कोपरा भरतच नाही. माझ्याकडं दाब कमी होता. डायलवर मी खोली बरोबर दिली होती, पण जोर आल्यावर टेबलच दबून खाली जात होतं आणि डायल बिचारा तोच आकडा दाखवत होता. टेबलचा लॉक आवळला, खोली ०.१ नं वाढवली, बोगदा गेला. पॉइंट एक मिलिमीटर! ह्याच्या आधी मी तीन आठवडे आरपीएम बदलून बघत होते.

ह्या ट्रायलमध्येच माझी निम्मी प्लेट संपली, आणि पुढच्या घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे.

मुख्य प्रयोग टागुचीच्या एल-९ टेबलप्रमाणं करायचा होता, म्हणजे कमी रनमध्ये प्रयोग कसा बसवायचा ह्याचं तयार टेबल. तीन पॅरामीटर, प्रत्येकाच्या तीन लेव्हल, सत्तावीसच्या ऐवजी नऊ रन. आरपीएम ९००, ११२०, १४०० (पेपरमध्ये सगळे १०००, १२०० लिहितात, आमच्या गिअरबॉक्समध्ये ते आकडेच नाहीत), फीड ४०, ६३, १००, आणि तिसरा पॅरामीटर पिनचा आकार. आता ह्या टेबलात पहिला कॉलम असा असतो की पहिले तीन रन पहिल्या लेव्हलला, मधले तीन दुसऱ्या, शेवटचे तीन तिसऱ्या. खरं तर रन चिठ्ठ्या काढून उलटेपालटे करायचे असतात, पुस्तकात लिहिलेलं असतं, परीक्षेत आम्ही त्यावर टीप पण लिहितो. पण गिअर सारखे बदलले की नाना वैतागायचे आणि मलाही एका स्पीडचं काम एकदम उरकणं सोयीचं वाटलं. म्हणून १ ते ९ सरळ ओळीत केले.

पहिल्या सहा रनना मुंबईहून गुलालवाडीतून आणलेली प्लेट पुरली. शेवटच्या तिनांसाठी गावातल्याच एका दुकानातून दुसरी आणली. ६०६१-टी६ (टी६ म्हणजे हीट ट्रीटमेंट देऊन कडक केलेली), सहा एमएम, बिलावर तसंच लिहिलेलं. हार्डनेस घेतला, १०६ एचव्ही, पहिलीचा १०५. म्हटलं झालं, सेम मटेरियल.

रिझल्ट आले. मूळ प्लेटची ताकद, म्हणजे ओढून तोडायला लागणारा ताण, ३१२ एमपीए. ९०० आरपीएमच्या तीन पीसची सरासरी १८४, ११२० ची २०२, १४०० ची १६२. ॲनोव्हा केला, म्हणजे रिझल्टमध्ये कुठल्या पॅरामीटरचा किती वाटा ते काढायचं गणित, तर आरपीएमचं कॉन्ट्रिब्यूशन ९१ टक्क्यांच्या वर. सर खूश. मी खूश. कारण पण हाताशी तयार होतं, आरपीएम वाढला की उष्णता वाढते, ६०६१ ची ताकद ज्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या बारीक कणांवर असते ते जास्त उष्णतेनं विरघळतात नाहीतर मोठे होतात, म्हणून वेल्ड मऊ. ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हेच वाईट. टी६ करताना त्या प्लेटला भट्टीत तासन् तास ठेवून जी ताकद आणलेली असते ती वेल्डिंगमध्ये काही सेकंदात निघून जाते, माझ्या चांगल्या पीसमध्ये पण शोल्डरच्या कडेला हार्डनेस ६२ पर्यंत उतरलेला होता. आलेख काढला की डब्ल्यू दिसतो, मध्ये ढवळलेल्या भागात थोडा वर, दोन्ही बाजूंना खड्डे. त्यामुळं १४०० ला जास्त मऊ पडलं ह्याच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. कॉन्फरन्सला ॲबस्ट्रॅक्टपण पाठवून झालं.

एक गोष्ट मात्र टोचत होती. पहिले सहाही पीस यूटीएमवर, म्हणजे पीस ओढून तोडायच्या मशिनवर, तुटले ते वेल्डच्या बाजूला, त्या मऊ पट्ट्यात, पंचेचाळीस अंशात तिरके. शेवटचे तीन मात्र बरोबर मधोमध तुटलेले, सरळ. मऊ पडून तुटायचं तर मऊ जागी तुटायला पाहिजे ना. मी तीन दिवस ते बाजूला ठेवलं, खरं सांगते, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

मग बेंड टेस्ट घेतली, वेल्डची खालची बाजू बाहेर येईल अशी. चार नंबरचा पीस गुमान वाकला. सात नंबरचा वाकवताना चिरत गेला, खालून पुस्तक उघडावं तसा. त्या उघडलेल्या चिरेत मी भिंग लावून बघितलं. वरचा बहुतेक भाग खडबडीत, राखाडी, फाटलेल्या धातूचा. आणि अगदी तळाला एक चकचकीत पट्टी, दोरा चिकटवल्यासारखी, जेमतेम ०.३ एमएम. आणि त्या पट्टीवर बारीक तिरक्या रेघा. ह्या रेघा मी ओळखत होते. प्लेटची कड सरळ करायला मी स्वतः एंडमिल फिरवली होती, त्याच्या खुणा होत्या त्या. म्हणजे तिथं पिन पोचलीच नव्हती, वेल्डिंग झालंच नव्हतं, दोन कडा नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, जशा मी क्लॅम्प करताना ठेवल्या तशाच.

जाडी मोजायला व्हर्निअर काढला. पहिल्या प्लेटचा उरलेला तुकडा ६.०५. दुसरीचा ६.३५.

६.३५ म्हणजे पाव इंच. दुकानदारानं पाव इंची प्लेट सहा एमएम म्हणून दिली होती, आणि त्याच्या हिशोबानं त्यात काही वावगं नव्हतं, लोक त्याच्याकडून पायऱ्या आणि टाक्या करायला प्लेट नेतात, त्यांना ०.३ एमएमनं काय होतंय. मी नंतर जाऊन विचारलं तर म्हणाला, "ताई, जास्तच दिलीय की, कमी न्हाई दिली." ह्यावर काय बोलणार.

झालं असं होतं की मी टच घ्यायचे वरून. पिन आणि प्लेटच्या मध्ये वर्तमानपत्राची चिंधी धरायची, टेबल हळूहळू उचलायचं, कागद ओढताना अडकायला लागला की डायल शून्य. तिथून ५.८५ वर. प्लेट ६.०५ असेल तर तळाला ०.२ राहतं आणि तेवढं पिनच्या दाबानं खाली आपोआप कालवलं जातं. ६.३५ ला अर्धा एमएम राहतो. तो कुठून कालवला जाणार. आणि वरून दोन्ही वेल्ड डिट्टो सारखे दिसतात. टागुचीच्या टेबलात प्लेटच्या जाडीचा कॉलमच नव्हता, त्यामुळं ती सगळी चूक मुकाट्यानं आरपीएमच्या कॉलममध्ये जाऊन बसली, आणि मी रन सरळ ओळीत केल्यामुळं बरोबर १४०० च्या वाट्याला आली. रन मिसळून केले असते तर निदान आकडे विचित्र दिसले असते आणि मला शंका आली असती. इथं ते इतके छान रांगेत आले की वाटलं हाच तो शोध.

सरांना सांगायला गेले तेव्हा हातात तो उघडलेला पीस आणि भिंग दोन्ही घेऊन गेले. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले ॲबस्ट्रॅक्ट मागं घे. एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नऊच्या नऊ रन परत केले. ह्या वेळी मुंबईहून एकच मोठी प्लेट, चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजून घेतलेली. नऊ चिठ्ठ्या करून नानांच्या टोपीत टाकल्या आणि त्यांनाच काढायला लावल्या, म्हणजे गिअर बदलताना कुरकुर करायची सोय नको. तरी केलीच. प्रत्येक वेल्डनंतर टूलच्या पिनभोवती ॲल्युमिनियमचा लेप बसतो, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टूल ठेवलं की फसफसत विरघळतो आणि स्टीलला काही होत नाही, पण त्यातून हायड्रोजन निघतो म्हणून ते सगळं बाहेर उघड्यावर, पत्र्याच्या शेडमागं. गॉगल आणि ग्लोव्हज घालून मी तिथं बसलेली, येणारे-जाणारे फर्स्ट इयरचे विचारायचे मॅडम काय शिजवताय.

नवीन रिझल्ट : ९०० ला १८५, ११२० ला २०४, १४०० ला १९९. म्हणजे १४०० तसा वाईट नव्हताच. वर झालर जरा जास्त येत होती, कडा ब्लेडसारख्या धारदार, कानशीनं घासून काढावी लागायची, तेवढंच. आरपीएमचं कॉन्ट्रिब्यूशन अर्ध्यावर आलं आणि फीड वर चढला, जो पहिल्या खेपेला जणू नव्हताच. थंड आणि घाईचं कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट निघालं, ९०० ला १०० फीड, त्यात पुन्हा बारीक बोगदा सापडला. चौकोनी पिन गोलपेक्षा बरी, कोपऱ्यांमुळं धातू नीट ढवळला जातो. बेस्ट पीस २१० एमपीएचा, मूळ प्लेटच्या साधारण ६७ टक्के. बाहेरच्याला ६७ म्हणजे नापास वाटतं, पण टी६ ला वेल्डिंगनंतर परत हीट ट्रीटमेंट दिली नाही तर साधारण एवढंच येतं, आणि नऊच्या नऊ पीसमध्ये एकही मधोमध तुटला नाही. मला आकड्यापेक्षा त्याचं जास्त बरं वाटलं.

व्हायवाला एक्स्टर्नलनी आरपीएमवर एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं काय, तर टेबलात हा 'मोजलेली जाडी' असा जास्तीचा कॉलम कशाला. सांगितलं. पंधरा मिनिटं तेच चाललं.

वेल्ड संपतं तिथं पिन वर काढल्यावर एक भोक उरतं, एक्झिट होल, ते कायम कापून टाकायचं असतं. जुन्या सात नंबरचा तो भोकाचा तुकडा नानांनी टाकू दिला नाही. मशिनच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला त्या भोकातूनच अडकवलाय, वर मार्करनं ६.३५ लिहून, आणि खाली दोरीनं व्हर्निअर बांधलाय.